टाळेबंदीतला तान्हा पोळा आणि माळ्यावरचे नंदी

विदर्भात पोळा दोन दिवसांचा असतो. पिठोरी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांचा तान्हा पोळा. आदल्या दिवशी ज्या आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या जागेवर, बैलजोड्या तोरणाखाली उभ्या असतात, त्याच जागेवर दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदी घेऊन येतात. फळीवर उभा केलेला बैल, फळीखाली चार चाके, पुढे ओढायला दोरी, एवढाच हा प्रकार. त्याला झूल घालतात, शिंगांना बेगड लावतात, गळ्यात घुंगरांची माळ बांधतात. मग पूजा होते, बक्षिसे वाटली जातात, आणि मुले घरोघर नंदी नेऊन बोजारा मागतात. कुणी पैसे देतो, कुणी खाऊ.

२०२० साली कोरोनाच्या साथीमुळे या खेळण्याला अंगणाबाहेर पडता आले नाही. पुढच्या वर्षीही फारसे वेगळे घडले नाही. या दोन वर्षांत विदर्भातल्या घरांचे आपल्या जुन्या लाकडी बैलांशी असलेले नाते बदलले. वर्षातून एकदा खाली काढायची वस्तू जपून ठेवण्याची, तिची कूळकथा सांगण्याची आणि प्रसंगी हक्क सांगण्याची वस्तू झाली.

तान्ह्या पोळ्याचा उगम नागपूरकर भोसल्यांच्या दरबाराशी जोडला जातो. दुसऱ्या रघुजीराजांनी, म्हणजे १८१६ पर्यंत नागपूरच्या गादीवर असलेल्या भोसल्यांनी, मुलांना बैलाचे मोल कळावे म्हणून हा सण सुरू केला, असे परंपरा सांगते. नागपूरच्या महाल भागातील भोसल्यांच्या वाड्यातला भलामोठा लाकडी बैल आजही या दिवशी लोकांच्या कुतूहलाचा विषय असतो. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळाही असाच नावाजलेला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले, माणसाच्या उंचीला भिडणारे नंदी रस्त्यावर येतात. चाकांवरच्या जनावराची कल्पना मात्र राजेरजवाड्यांच्या फार आधीची आहे. १९७४ साली दायमाबादला, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, सापडलेल्या कांस्यवस्तूंत दोन बैल जुंपलेला रथ आहे, आणि चाकांवर ओढता यावेत असे घडवलेले हत्ती, गेंडा व रेडा आहेत. उत्तर हडप्पाकाळातल्या या चार वस्तूंचे एकत्रित वजन साठ किलोंहून जास्त भरते. त्यामुळे त्या खेळणी म्हणून घडवल्या असतील असे वाटत नाही. पण जनावराला चाकांवर बसवून ओढण्याची कल्पना या मातीला किती जुनी आहे, ते त्यांवरून कळते.

नागपुरापासून दूर, वैनगंगेच्या पूर्व काठावरच्या आरमोरीसारख्या गावात या खेळण्याला आणखी एक आधार होता, तो सुताराचा. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेले आरमोरी १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात होते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटियरांत या गावाची ओळख सुती कापड, कोसा आणि बैलगाड्या बनवणारे बाजाराचे गाव अशी आहे. कोशासाठी आरमोरी आजही ओळखली जाते. गाड्यांचा धंदा मात्र मागे पडला. ज्या गावात गाडीची चाके, जू आणि दांड्या घडत, तिथे उरलेल्या सागवानाच्या किंवा शिवणीच्या तुकड्यातून पोरासाठी नंदी होणे ओघानेच आले. त्यासाठी वेगळा कारागीर लागत नसे. घरच्या शेतीची अवजारे ज्या सुताराकडून वर्षभर दुरुस्त करून घ्यायची, त्यालाच पोळ्याआधी नंदीचे काम सांगायचे. त्यामुळे झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागातले, जुने नंदी एकसारखे नसतात. कुणाचे वशिंड फार उंच, कुणाची मान आखूड, कुणाचे पाय गाडीच्या खुंट्यांसारखे सरळसोट. प्रत्येक सुताराचा हात वेगळा आणि त्याने पाहिलेला बैलही वेगळा.

२०२० पूर्वीच्या दोन-तीन दशकांत या वस्तूची किंमत हळूहळू घसरत गेली. त्याचे मुख्य कारण शेतातच होते. ट्रॅक्टर आले, नांगरणी भाड्याने होऊ लागली आणि दावणीची जोडी परवडेनाशी झाली. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातले गोवंशीय पशुधन सुमारे १ कोटी ५५ लाख होते. २०१९ च्या गणनेत ते १ कोटी ४० लाखांच्या आत आले. खरा बैल दारात नसला की लाकडी बैलाचा संदर्भही सुटतो. दुसरे कारण बाजाराचे. बॅटरीवर पळणारी मोटार आणि प्लास्टिकचे प्राणी स्वस्तात मिळू लागल्यावर मुलांच्या हातात नंदी वर्षातून एक दिवस येई. उरलेले दिवस तो माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे किंवा देवघराच्या कोपऱ्यात पडून राही. आणि तिसरे कारण खुद्द तान्ह्या पोळ्यातच दडले होते. शहरांत आणि तालुक्याच्या गावांत मंडळांनी सजावटीच्या स्पर्धा घेतल्या, बक्षिसे वाढवली, तसे नंदी मोठे होत गेले, रंग भडक झाले, फायबरचे बैलही आले. आजोबांच्या काळातला वीतभर, रंग उडालेला, एक शिंग नसलेला नंदी स्पर्धेत नेण्याची मुलांना लाज वाटू लागली. कित्येक जुने नंदी याच काळात पुन्हा रंगवले गेले किंवा चुलीत गेले.

मार्च २०२० मध्ये गडचिरोली जिल्ह्यावर दोन साथींचे सावट एकदमच आले. जनावरांचा लम्पी त्वचारोग महाराष्ट्रात पहिल्यांदा आढळला तो याच महिन्यात, याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यात. माणसांच्या साथीमुळे २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. गडचिरोलीत कोरोनाचा रुग्ण मे महिन्याच्या मध्यापर्यंत सापडला नव्हता. पण आठवडी बाजार बंद, एसटी बंद आणि तेलंगणात मिरचीतोडणीला गेलेले मजूर पायी परतत असलेले, अशी अवस्था होती. सुतारांसाठी हा काळ विशेष वाईट ठरला. एप्रिल-मे ही लग्नसराई. आंदणाचे पलंग, कपाटे, दिवाण यांवर त्यांचे वर्ष निघते. लग्ने पुढे गेली किंवा मोजक्या माणसांत उरकली. लाकडाचे लिलाव आणि वाहतूक अडली. पोळ्याआधीच्या दोन महिन्यांत नवे नंदी करून बाजारात न्यायचे, तर लाकूड नाही आणि बाजारही नाही. नागपुरात चितार ओळीसारख्या भागांतही त्या वर्षी सगळेच मूर्तिकाम आखडले होते.

जुलैमध्ये राज्य सरकारने गणेशोत्सवासाठी नियम जाहीर केले. सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत, घरगुती दोन फुटांपर्यंत. त्या नियमांत लाकडी नंदीचा उल्लेख असण्याचे कारण नव्हते. पण वाऱ्याची दिशा सगळ्यांना कळली. उंचीची आणि गर्दीची चढाओढ एका फटक्यात थांबली. १८ ऑगस्टला पोळा आला. लम्पीमुळे जनावरे एकत्र आणायची नाहीत आणि कोरोनामुळे माणसांनी एकत्र यायचे नाही. तोरणाखाली पोळा न भरता बैल गोठ्यातच पुजले गेले. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यालाही तेच. नागपुरात या दिवशी निघणारी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक त्या वर्षी निघाली नाही. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची, असे नागपूरकर सांगतात. रोगराई गावाबाहेर घालवण्यासाठी काढायची मिरवणूक रोगराईमुळेच घरात राहावी, ही त्या वर्षाची विचित्र गंमत होती.

घरात बसलेल्या मुलांना नंदी तर हवाच होता. नवा मिळत नव्हता, मिळाला तरी कामधंदा बंद असलेल्या बापाच्या खिशाला तो परवडत नव्हता. म्हणून माळ्यावरचा खाली आला. ही साधी अडचण पुढच्या सगळ्या बदलाचे मूळ आहे. जुने जपावे असे कुणी ठरवले नव्हते. नवे मिळेना म्हणून जुन्याकडे हात गेला. पण एकदा तो खाली आल्यावर त्याला पुसणे, तेलपाणी करणे, सुटलेला पाय खिळ्याने बसवणे ही कामे निघाली, आणि ती करायला घरात सगळीच माणसे रिकामी होती. नंदी कुणी केला, कुणाच्या जन्माच्या वर्षी केला, कोणत्या बैलावरून केला, हे प्रश्न अशा वेळी निघतात. उत्तरे आजी-आजोबांकडे होती, आणि त्या वर्षी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जिवाची धास्ती प्रत्येकाच्या मनात होती. आठवणी विचारून घेण्याची घाई तिथूनही आली असणार.

मग मोबाइल आला. आखरावर जाता येत नाही तर नंदीचा फोटो काढून गटावर टाकायचा, हे ओघाने झाले. मंडळांनी, शाळांनी आणि ज्ञातिसंस्थांनी ऑनलाइन तान्हा पोळा भरवला. सजवलेल्या नंदीसह मुलाचा फोटो पाठवा, घरबसल्या बक्षीस मिळवा. या स्पर्धांनी एक गोष्ट नकळत उलटी केली. रस्त्यावर मोठा नंदी उठून दिसतो. मोबाइलच्या पडद्यावर पाच फुटांचा आणि पाच इंचांचा नंदी सारखाच. तिथे नजर आकाराऐवजी कामावर जाते, झिजलेल्या लाकडाच्या रेषांवर जाते, आणि फोटोखाली लिहिलेल्या दोन ओळींवर जाते. ‘पणजोबांचा नंदी’ ही ओळ नव्या रंगीत नंदीखाली लिहिता येत नाही. स्पर्धेत मिरवायला लाजणाऱ्या मुलांना जुना नंदी हीच आता फुशारकीची गोष्ट झाली. पुण्या-मुंबईत आणि परदेशात स्थायिक झालेल्या वैदर्भीय घरांनी हे फोटो पाहिले, आणि गावच्या घरातला आपला नंदी आता कुणाकडे आहे, अशी चौकशी सुरू झाली. शेती आणि घर यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा ज्याची कुणी नोंद केली नव्हती, अशी ही वस्तू होती.

आरमोरी, ब्रह्मपुरी, देसाईगंज भागाला त्या वर्षी आणखी एक तडाखा बसला. पोळ्यानंतर दहा-बारा दिवसांनी, ऑगस्टच्या शेवटी, मध्य प्रदेशातल्या पावसाने आणि गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडल्याने वैनगंगेला महापूर आला. नदीकाठची गावे पाण्याखाली गेली, आरमोरी-ब्रह्मपुरी मार्ग बंद झाला, घरे पडली, धान्य कुजले. अशा पुरात लाकडी वस्तूंचे काय होते हे नदीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. नुकतेच खाली काढलेले नंदी, जिथे माळ्यावर परत गेले नव्हते तिथे, पाण्याच्या वाटेतच होते. वस्तूंची जपणूक हा चैनीचा विषय आहे असे मानणाऱ्यांनी हा पूर लक्षात घ्यायला हवा. जुनी वस्तू कोरड्या जागी उंचावर ठेवणे हेच तिच्या जपणुकीचे पहिले काम, आणि नदीकाठी तेच सर्वांत अवघड असते.

जगात इतरत्रही त्या वर्षी जुन्या खेळण्यांना अचानक भाव आला. घरात अडकलेले प्रौढ लोक आपल्या लहानपणीची खेळणी शोधू लागले. अमेरिकेत २०२० मध्ये खेळण्यांची विक्री १६ टक्क्यांनी वाढून २५ अब्ज डॉलरच्या वर गेली, आणि त्यात स्वतःसाठी खेळणी घेणाऱ्या मोठ्या माणसांचा वाटा लक्षणीय होता. साथीपूर्वीच चढू लागलेल्या किमती पुढे आणखी चढल्या. ‘स्टार वॉर्स’मधल्या बोबा फेट या पात्राचा, कधीही विक्रीला न आलेला एक नमुना २०२४ मध्ये लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरला गेला. आपल्याकडे १९८७ साली सुरू झालेल्या आणि गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूलने बनवलेल्या जी. आय. जो या सैनिकांनाही परदेशी संग्राहकांकडून मागणी आहे, कारण भारतात बनलेल्या सैनिकांचे रंग आणि जोड वेगळे होते. मात्र या बाजाराचा पहिला नियम असा, की खेळणे जितके कमी खेळलेले तितके महाग. न उघडलेल्या खोक्यातली वस्तू सर्वांत मोलाची.

नंदीच्या बाबतीत हा नियम लागू पडत नाही. न खेळलेला नंदी म्हणजे नुसते लाकूड. त्याच्या फळीवरची झीज, दोरीने घासून पडलेली खाच, वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाने काळवंडलेले कपाळ, दर पिढीने दिलेल्या रंगाचे एकावर एक थर, हेच त्याचे प्रमाणपत्र. साथीच्या काळात विदर्भातल्या घरांना जो बोध झाला तो या अर्थाने पाश्चात्त्य संग्राहकाच्या उलट दिशेचा होता. आणि म्हणूनच तो पूर्णपणे संग्रह या सदरातही बसत नाही. नंदीचे मोल पैशात मोजायची घाई फार थोड्यांना झाली. आपल्या घरचा नंदी आपल्याकडे असावा, ही ओढ मात्र अनेकांना लागली. संग्राहकाला दहा नंदी हवे असतात, कुटुंबाला एकच.

तरीही बाजार मागोमाग आलाच. घरसजावटीसाठी जुने लाकूड, पितळ, दाराच्या चौकटी गोळा करणारे व्यापारी विदर्भात पूर्वीही फिरत. आता त्यांच्या यादीत नंदी ठळक झाला. जुने दिसावे म्हणून रंग खरवडून, लाकूड धुऊन, नवे तेल पाजलेले नंदी विक्रीला येऊ लागले. यातला तोटा दुहेरी आहे. खरवडताना जुने थर जातात आणि नवे लाकूड जुने म्हणून खपते. शिवाय शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. नातवंडांसाठी अमेरिकेला नंदी पाठवू पाहणाऱ्या आजोबांनाही हा कायदा लागू आहे, हे फार थोड्यांच्या गावी असते.

सरकारी धोरणाचेही याच काळात खेळण्यांकडे लक्ष गेले, त्याची कारणे वेगळी होती. फेब्रुवारी २०२० मध्ये आयात खेळण्यांवरचे शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले. ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी खेळण्यांचा विषय घेतला, चन्नपट्टण, कोंडापल्ली, तंजावर, धुबरी, वाराणसी अशी नावे आली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना गुणवत्तेचे प्रमाणन सक्तीचे झाले आणि नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट मिळाली. खेळण्यांची आयात २०१८-१९ मधल्या सुमारे ३७ कोटी डॉलरवरून २०२१-२२ मध्ये ११ कोटी डॉलरवर आली. या सगळ्यात पूर्व विदर्भाचा नंदी कुठेच नव्हता. तो वर्षातून एकदा विकला जातो, त्याला करणारा सुतार स्वतःला खेळणी बनवणारा समजत नाही, आणि त्याचे गिऱ्हाईक पंचक्रोशीतलेच असते. योजनेत बसण्यासाठी जी नावनोंदणी लागते, तिच्यापर्यंत अशी कला क्वचितच पोहोचते. लाकडाचा प्रश्नही मधे येतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला एवढी प्रतिष्ठा आहे, की मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान पूजा करून रवाना झाले. पण त्याच जंगलाच्या कडेला बसलेल्या सुताराला नंदीपुरता कायदेशीर सागाचा तुकडा मिळवणे सोपे नाही. म्हणून आजचे स्वस्त नंदी हलक्या लाकडाचे असतात आणि दोन पावसाळ्यांत त्यांना कीड लागते. जुन्या नंदीचा भाव वाढण्यामागे भावनेइतकेच हे कारण आहे: तसे लाकूड आता मिळत नाही.

२०२१ चा पोळा ६ सप्टेंबरला आला. एप्रिल-मेमधली दुसरी लाट नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांत फार भयंकर होती. अनेक घरांत नंदीची हकीकत सांगणारे माणूसच या मधल्या काळात गेले होते. गर्दीवरचे निर्बंध कायम असल्याने तान्हा पोळा दुसऱ्या वर्षीही बव्हंशी अंगणातच झाला, पण आता त्यात सराईतपणा आला होता. नंदी आधीच पुसून ठेवलेले होते, फोटोसाठी जागा ठरलेल्या होत्या. एप्रिल २०२२ पासून राज्यातले निर्बंध उठले आणि २६ ऑगस्टचा पोळा पुन्हा आखरावर भरला. दुसऱ्या दिवशी मुलेही आली. मोठ्या नंदींच्या स्पर्धा लगेच परत आल्या, काही ठिकाणी आधीपेक्षा जास्त बक्षिसांसह. साथीने तान्हा पोळा कायमचा बदलला असे म्हणणे त्यामुळे जास्तीचे होईल. बदल झाला तो एवढाच, की भडक रंगाच्या रांगेत आता काही मुले झिजलेला छोटा नंदी न लाजता घेऊन उभी राहू लागली, आणि काही स्पर्धांमध्ये जुन्या, परंपरागत नंदीचा वेगळा विचार होऊ लागला.

खऱ्या बैलांचा मार्ग मात्र या काळात सरळ राहिला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदे वैध ठरवले, आणि झाडीपट्टीत २०१४ पासून थंडावलेले शंकरपट, म्हणजे तिकडच्या बैलांच्या शर्यती, पुन्हा सुरू झाले. पण सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीमुळे सबंध राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले, आणि १४ सप्टेंबर २०२३ च्या पोळ्याला अनेक जिल्ह्यांत जनावरे एकत्र आणायला मनाई होती. त्या वर्षी अशा गावांत बैल गोठ्यात राहिले आणि लाकडी नंदी तेवढे मिरवले.